विसळण

मंगळवारी सकाळी, कॅम्पात, शिवाजी मार्केटच्या मागच्या अंगाला
शकूरभाई माझ्यासाठी सहा पित्ताशयं काढून ठेवतात.
"फुटलं तर सगळं मटण कडू," म्हणतात,
आणि काळजाच्या कडेवरून ती हिरवी पिशवी अशी सोडवतात
की झोपलेल्या पोराच्या मुठीतून गोळी काढावी.
पहिल्यांदा विचारलं होतं, किती माणसांचं करायचंय?
आता विचारत नाहीत.
बर्फाचा डबा स्कूटरच्या पायाशी ठेवून मी पाषाणला येते,
डब्यात बोकडाचा
एवढासा कडूपणा.

मग धुणं.
आधी खारं पाणी, मग साबण, मग शेकर,
दोन दिवस, रात्रीसुद्धा घुर्रर्र.
बोकडातलं बोकडपण हळूहळू निघून जातं:
रंग जातो, वास जातो,
पेशी जातात, पेशींनी जपलेलं नावगाव जातं,
उरतो पांढरा ओला पापुद्रा.
त्याखाली बोट धरलं तर बोटावरच्या रेषा दिसतात.
कुणाचाच नसलेला.

आणि तिकडे, सदतीस अंशांवर, त्या.
नाळेतून आलेल्या.
रास्ता पेठेतल्या प्रसूतिगृहात एका बाईने सही केली,
घाईत, बहुधा कळ सोसत,
आणि आम्ही तिचं नाव झाकून डब्यावर लिहिलं: ना-१७.
उद्या त्या पोराला कुणी विचारलं, बाबा रे, तुझी नाळ कुठे पुरली,
तर काय सांगेल?
पुरली नाही. पाषाणला आहे, गुलाबी पाण्यात.
दर तीन दिवसांनी दुप्पट होते.

लहू साबळे, आमचा अटेंडंट, दारातूनच विचारतो,
"किती गुण जुळले?"

पहिल्या खेपेला शून्य. दुसऱ्या खेपेला शून्य.
रंग घातला की जिवंत ते हिरवे, मेलेले लाल,
आणि मी अंधाऱ्या खोलीत डोळा भिंगाला लावून
नुसतं लाल मोजत होते.
एकीनेही पाय पसरला नव्हता.
आल्या तशा गोल, आखडलेल्या, दारातच गेलेल्या.

बेहेरेबाई म्हणाल्या, नसेल जुळत. बोकड तो बोकड.
मी तसं लिहायलाही घेतलं.

लहूने तसराळ्यातलं शेवटचं पाणी चिमटीत घेतलं, चोळलं.
"ताई, साबण आहे अजून.
धुतलंत तुम्ही. विसळलं नाहीत."
त्याची आई डेक्कनवर चार घरची भांडी घासायची.
स्वच्छ भांडं बोटाखाली बोलतं, म्हणे.
हे बोलत नव्हतं.

मग विसळत बसलो.
गुरुवारी नळाला पाणी नाही,
म्हणून लहूने बुधवारीच ऊर्ध्वपातित पाण्याचे कॅन भरून ठेवले.
चौदा वेळा.
शेवटी शेवटी वाटलं, आपण पाण्यालाच धुतोय.

तिसरी खेप.
पहिल्या दिवशी गोल.
तिसऱ्या दिवशी एकीने पाय काढला, चाचपत,
नव्या घरात पाहुणी मांडी बदलते तसा.
पाचव्या दिवशी बऱ्याचजणी टेकल्या.
सातव्या दिवशी पाहुणी कोण ते सांगता येईना:
बोकडाच्या धाग्याला धरून, एकमेकींना धरून,
हिरव्या, हिरव्या, आणि मधेच एक लाल.

अहवालात लिहिलं, जिवंत एक्याण्णव टक्के.
उरलेल्या नऊंसाठी रकाना नाही.
हे सगळं नखाएवढ्या तुकड्यावर.
यातून कुणाचं काही बरं व्हायचं तर दहा वर्षं,
किंवा नाहीच.
हेही लिहिलं. बाईंनी ते वाक्य खोडलं नाही.

लहूला सांगितलं तर म्हणाला, "बसलं म्हणा की,"
आणि तसराळं विसळायला घेतलं.

मंगळवारी शकूरभाई म्हणाले, "जमलं का हो तुमचं ते?"
काय सांगणार.
"या वेळी आठ द्या," म्हटलं.
त्यांनी सुरी पुसून बाजूला ठेवली
आणि पहिल्या पिशवीखाली बोट घातलं,
हळू.