फितीचं दुसरं टोक

मोजणीवाले आले की हाक मलाच.
पहिल्यांदा मी नऊ वर्षांचा, ओहोळातून नुकता वर आलेला,
अंगावर करगोटा आणि पाणी.
साहेबानं फितीचं टोक हातात दिलं,
म्हणाला, पळ, त्या कुंभ्याच्या झाडापर्यंत.
मी पळालो.
कुंभ्याशी पोचलो तेव्हा मागून ओरडला, बस!
इथवर तुमचं.
संत्र्याची गोळी दिली. ती मी चावली नाही, विरघळू दिली.
रात्री बाप एवढंच बोलला:
कुंभ्याच्या पलीकडं आपली वरी होती.

मग सिनेमावाले आले, मग वनखातं,
मग नावंच विचारायची सोडली.
फीत तीच वाटायची, टोक धरायला मीच.
गोरेगावचा हा सगळा डोंगर कुणाच्या नकाशात हिरवा,
कुणाच्या पिवळा, एकदा नुसता कोरा,
कोऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं: झोपड्या, सात.
आम्ही सत्तावीस घरं.
बाकीच्या विसांवर
कागदाची घडी आली होती.

वनखात्याची भिंत लखम्या उंबरसाड्याच्या परसातून गेली.
चूल मुंबईत राहिली,
चिंच जंगलात.
खाली पडलेलं बोटूक उचललं तरी गुन्हा.
लखम्याची चैती ओटीत वेचायची, गार्डाच्या डोळ्यांत बघून.
म्हणायची, चिंचेला नोटीस दे ना,
तिला सांग अलीकडं पाडू नको.

हद्दीचा दगड एका रात्रीत सात पावलं सरकला.
आमच्याकडे.
कुणी पाहिलं नाही, कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत.
पावसाळा संपल्यावर पुन्हा सात.
तिसऱ्यांदा सरकला तेव्हा चैती उठली,
दगडाला शेंदूर फासला, दोन डोळे काढले,
पाठीवरून वळवून आणली शेपटी.
कोंबडं परवडत नव्हतं, अंडं ठेवलं.
आठवड्यानं जेसीबी आला.
ड्रायव्हर खाली उतरला, चपला काढल्या,
मशीन मागं घेऊन गेला.
त्या रात्री आम्ही पोट धरून हसलो.
ताडी पुरली नाही.

हसू ओसरल्यावर, खूप उशिरा, कुणीतरी पावलं मोजली.
वाघोबा बसला होता
एकवीस पावलं आत.
पलीकडची जमीन आम्हीच त्याच्या पाठीमागं टाकलेली.
आता देव उचलायचा कुणी?
चैती बोलली नाही. दर अवसेला
ती शेंदूर लावते अजून, पण डोळे पुन्हा काढत नाही.
पुसट झालेत. बरंच आहे.

परवा एक मुलगी आली, तिवईवर यंत्र घेऊन.
फीत नाही.
मी सवयीनं हात पुढं केला.
तिला वाटलं, तहान लागली असेल म्हाताऱ्याला.
बाटली दिली.
चांगली होती पोरगी. म्हणाली, काका, मूळ हद्द कुठं होती?
मी बोट केलं: तो कुंभा.
तिकडं आता पत्रे आहेत, रात्रभर पिवळे दिवे.
तिनं यंत्रात पाहिलं, बराच वेळ पाहिलं,
म्हणाली, असं झाड नोंदीत नाही.

मी म्हटलं, फीत असती
तर पळून दाखवलं असतं.