सात पौंडांचं वजन

ऑस्टरमाउथच्या कौन्सिलमध्ये जनतेला
बोलायला तीन मिनिटं मिळतात.
आधी हिरवा दिवा, मग पिवळा, मग
अध्यक्ष हॉलरॉईड पेनाला टोपण लावतात.

विषय क्रमांक सात. नगर संग्रहालय, कपाट चार,
पितळी प्रमाण-वजनं, नोंदवहीप्रमाणे नऊ,
आढळली आठ.
लेखापरीक्षकांचा ताशेरा अडीच ओळींचा.
संस्कृती उपसमितीनं तो मालमत्ता उपसमितीकडे धाडला,
तिनं विमा विभागाकडे,
विम्यानं विचारलं, वस्तूची किंमत किती?
ते कुणालाच सांगता येईना,
आणि कागद आल्या वाटेनं परत गेला.

त्या कपाटासमोर मी एकोणीस वर्षं खुर्ची टाकून बसले.
शाळेच्या पोरांना सांगायचे:
धक्क्यावर हेरिंग उतरायची तेव्हा
प्रत्येक व्यापाऱ्याचं वजन वर्षातून एकदा
ह्यांच्यासमोर उभं करत.
हलकं भरलं तर भर बाजारात हातोड्यानं ठेचत.
एखादं पोर विचारायचंच,
मग ही वजनं कोण तपासायचं?
मी म्हणायचे, चला चला, पुढे व्हेलचा जबडा आहे.

हिरवा लागला.
मी म्हटलं, वजन चोरीला गेलेलं नाही.
त्या जुलैत फार उकडत होतं
आणि तुमच्या ह्या दाराचा अडसर मोडला होता.
वरून फोन आला: काहीतरी जड पाठवा,
संध्याकाळी परत देतो.
मी कुलूप काढलं. पोटाशी धरून तीन जिने चढले.
चिठ्ठीवर सही केली.
ती संध्याकाळ अजून व्हायची आहे.

सगळ्या माना दाराकडे वळल्या.
तिथंच होतं ते. गालिच्यावर, दाराला पाठ लावून.
अकरा वर्षं त्याला वळसा घालून
अंदाजपत्रकं आत गेली, अंदाजपत्रकं बाहेर आली.
एका अंगाला कुणाच्या तरी बुटाचं काळं पॉलिश.

मागच्या बाकावर कुणी तरी फिसकन हसलं.
हॉलरॉईड हसले नाहीत. टोपण मात्र हातातच राहिलं.
"म्हणजे जबाबदारी तुमची," ते म्हणाले.

आहेच माझी.
मखमलीवरचा तो न विटलेला गोल मी रोज बघत होते
आणि पोरांना व्हेलकडे नेत होते.
पण ह्या कागदावर
"नोंद घेतली" असं चारदा लिहिलंय, साहेब,
चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत.
त्यातलं एकही माझं नाही.

पिवळा.

गुरुवारी वजनमाप खात्याचे गेथिन प्यू आले,
लाकडी पेटीत नाजूक काटा घेऊन.
श्वास रोखून त्यांनी ते पारड्यात ठेवलं,
उचललं, पुन्हा ठेवलं.
दोन ग्रॅम कमी.
दार घासून घासून झिजलं होतं.
मापात पाप तर आहे, पण नेमकं कुणाच्या नावावर मांडायचं?
मी विचारलं, ठेचायचं का? हातोडा कपाट सहामध्ये आहे.
प्यू म्हणाले, माझ्या फॉर्मात तसा रकाना नाही.

इतिवृत्त छापून आलं:
"एका नागरिकाने मत मांडले."
मी कारकून मिस ओनुओहांना जिन्यात गाठलं.
नाव घाला, म्हटलं. एडविना स्पर. निवृत्त.
त्यांनी विचारलं, ठरावाच्या बाजूनं की विरोधात?
मी म्हटलं, चिठ्ठीच्या बाजूनं.
त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या,
मग तिथंच, कठड्यावर वही टेकवून,
लिहिलं त्यांनी काहीतरी. काय, ते मला दिसलं नाही.

आता कपाट चारमध्ये नऊ आहेत.
नव्या पाटीचा मजकूर समितीपुढे आहे,
म्हणजे पुढच्या महिन्यात, किंवा त्याच्या पुढच्या.
तोवर पेन्सिलनं एक कार्ड लिहून ठेवलंय मी:

सात पौंड. दोन ग्रॅम कमी.
उरलेले वरच्या सभागृहात,
दाराजवळच्या गालिच्यात.
झाडताना जपून.