डेबरीचं धनुष्य

दसरू मडावीच्या पडवीत, आड्याखाली,
दोन खुंट्यांवर ते आडवं असायचं.
अकरा वर्षांची होते. सूप मागायला गेले
आणि सूप विसरून परत आले.

साध्या कामठ्यासारखं नव्हतं ते.
टोकं उलटी फिरलेली,
घरून निघालेलं माणूस
उंबऱ्यावरून काही सांगायला वळतं तशी.

"हात नोको लावू," दसरू म्हणाला,
"माह्या बापाचं हाये.
अन् उजव्याचं हाये. तू त डेबरी."

मग तेंदूचे एकतीस हंगाम गेले.
पत्त्याचे पैसे दरवर्षी यायचे
आणि दरवर्षी त्यांना माझ्याआधी
दुसरंच कोणीतरी दिसायचं:
कवेलू,
धाकटीचं बाळंतपण,
सायकल, मग त्या सायकलचं चाक,
सासूच्या डोळ्यातला मोतीबिंदू.
एका वर्षी नुसतेच गेले. कुठे ते आठवत नाही.

धनुष्य ही काही मागायची गोष्ट नव्हती.
पाट्यावर मिरची वाटून झाली
की मी उभ्या उभ्या
डावा खांदा मागे ओढून पाहायचे.
बस, एवढंच.

बोनस हातात आला त्या दिवशी
तडक दसरूकडे गेले.
आता त्याला माणसं आवाजावरून कळतात.
"कोनासाठी?"
"माह्यासाठी."
तो हसला नाही.
माझा डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत चाचपला,
वासराचा पाय पाहतात तसा.
"धामण माघात तोडू. नातू तोडंन, मी सांगीन.
दोन पावसाळे चुलीवर वाळंन.
घाई असंन त बाजारातून काठी घे."

घाई नव्हती.
घाई होती.
दोन पावसाळे मी रस्त्यानं जाताना
इतर चुलींच्या धुरातून
त्याच्या चुलीचा धूर ओळखायचे.

काल दिलं.
पाठीवर बांबूची पट्टी, टोकांना म्हशीचं शिंग,
मूठ माझ्या उजव्या पंजाच्या मापाची.
दोर चढवताना ते बारीक गुरगुरलं.

धान निघून गेलेलं, बांध्यांमध्ये लाखोरी निळी.
तणसाच्या ढिगाला मी गोवरी टांगली.
तेवढ्यात फॉरेस्टच्या गार्डानं मोटारसायकल थांबवली.
"काय मारता, बाई?"
"तणस."
"अन् लागलं त?"
"त गाईला."
तो गेला. जाताना दोनदा मागे पाहिलं.

पहिला बाण माझ्यापासून सात हातांवर
लोळला.
दुसऱ्या वेळी दोर उजव्या कोपराखाली असा बसला
की माय आठवली.
तिसरा कसा गेला ते नीट सांगता येत नाही.
लाकूड माझ्याबरोबर वाकलं,
अंगठा कानापाशी आला,
मधेच कुठेतरी श्वास राहून गेला,
आणि बोटं मी सोडली नाहीत,
ती सुटली.

गोवरी तशीच.
ढीग तसाच.
बाण ढिगावरून, बोरीवरून,
हिरकणाबाईच्या लाखोरीत.

चपला धुऱ्यावर ठेवून
अंधार पडेस्तोवर तळपायांनी शोधला.
चिखल, खोडकी, एक थंड बेडूक.
दसरू खाटेवरूनच म्हणाला,
"लाखोरी उपडताना सापडंन.
तू पह्यले दोर उतरव. ताणून नोको ठेवू त्याले."

आज सकाळी हँडपंपावर
हिरकणानं माझा हात धरला. कोपराखाली
तिच्या वावराचाच रंग उमटलेला.
"नवऱ्यानं?"
"नाही वं."
"मंग?"
सांगितलं.
ती बराच वेळ पंप हाणत राहिली,
गुंड भरून वाहू लागला तरी.
"म्हणजे माह्या लाखोरीत बाण हाये?"
"हाये."
"संध्याकाळी ये, दोघी पाहू.
अन् ते बी आण."
"काय ते?"

गुंड डोक्यावर, दुसरा कमरेवर,
हातानं दाखवता येईना.
तिनं इकडे तिकडे पाहिलं
आणि नुसता खांदा मागे ओढला.