शिंपले वेचणाऱ्या

मैलाला तीन शिलिंग. पोतं आमचंच.
कार्मार्थनच्या आखातात, त्या मार्चमध्ये,
समुद्र मागे सरेल तसतशा
नऊ जणी वाकून चालत होतो.
सासू म्हणाली, जन्मभर शिंपल्यांसाठी वाळू उकरली,
आता वाळूसाठी शिंपले उचला.

एकच धारदार कड, मेकॅनिक पर्किस सांगायचा,
टायर उभा फाडायला पुरे.
शिंपला बोटांत धरून त्याने असा दाखवला
जणू आम्ही तो जन्मात पाहिला नव्हता.

गाडी फळ्यांवर उभी असायची, नाहीतर रुतली असती.
लढाईतून उरलेलं विमानाचं इंजिन,
बाजूला साखळी, माझ्या मनगटाएवढी.
जवळ गेलं की एरंडेलाचा वास.
आई नाक दाबून पाजायची तेच एरंडेल
हे धूड घटाघटा प्यायचं.

कॅप्टन थर्लवेल बुटका होता. हे कुणी छापलं नाही.
पाठीशी उशी घ्यायचा, निळ्या फुलांची,
आणि आत बसण्याआधी
डाव्या पायातला मोजा काढून उलटा घालायचा.

आधी तळव्यांखाली वाळू थरथरली.
मग गर्जना. मग पाण्याची उभी भिंत पळत गेली,
तिच्या आत तो होता म्हणे.
एकवीस सेकंद.
तोच मैल आम्हाला दीड तास पुरला होता.

पण एका बाजूचं धरत नाहीत.
वारा कुणाचा सगा नाही,
तासाभरात उलटं यायला हवं.
मेरेरिड खुदकन हसली.
डोक्यावर टोपली घेऊन बाजारात गेलेल्या बाईला
परतीचा वारा कुणी शिकवायचा?

आम्ही वाट पाहिली.
लांब टोकाला माणसं मुंग्यांएवढी, वाकलेली.
घड्याळवाला एकदा घड्याळाकडे बघे,
एकदा पाण्याकडे.
पाणी वळलं होतं.

संध्याकाळी पर्किस फाटका टायर खांद्यावर घेऊन आला.
कुणाच्या पट्ट्यातला, त्याने विचारलं नाही.
पैसे पुरते दिले.
ओल्वेन माझ्याकडे बघत होती.

तो शिंपला मी मागून घेतला.
आतून स्वच्छ, कडेला चुलीचा काळा डाग.
उकडून, मांस काढून,
कुठल्याशा हिवाळ्यात
आमच्याच कुणीतरी मागच्या दाराने
तो फेकलेला होता.