शंभरातले किती

मी प्रत्येकाला एकच विचारते,
शंभर मैलांतले कच्च्या रस्त्याचे किती?
आणि प्रत्येकजण थोडा वर बघतो,
छताला टांगलेल्या टायरांकडे,
मग आकडा सांगतो.
चाळीस, म्हणाला फर्मिन एचेगोयेन.

एल्को, नेवाडा. ऑक्टोबर संपत आलेला.
बाहेर हायवेवर ट्रकमागून ट्रक सॉल्ट लेककडे,
आत कॉफी सकाळपासून करपतेय.
रबराचा वास मला आता येतच नाही,
घरी मांजर हात हुंगून मागे सरकतं तेव्हा कळतं.

बॅटरी घेऊन मी त्याच्या पिकअपपाशी उकिडवी बसले.
मधला पट्टा झिजून गुळगुळीत, हवा कायम जरा जास्त,
खाचांत एक खडा नाही,
बाजूच्या रबरावर ओरखडा एकच, तोही
फुटपाथच्या कडेचा, बहुधा सुपरमार्केटपाशी.
या वहाणा डांबराच्या होत्या.
मी बोलले नाही. दुकान बापाचं, शिकवणही त्याचीच:
गिऱ्हाइकाचं वय आणि मैल,
दोन्ही तो म्हणेल तेवढे.

त्याला हवे होते ते भिंतीवरचे,
मगरीच्या पाठीसारखे,
पांढरी अक्षरं बाहेर.
म्हटलं, हे घुमतात.
पंचावन्नच्या पुढे आख्खा रस्ता केबिनमध्ये येऊन बसतो.
गॅलनमागे मैल-दीड मैल जाईल.
ओल्या डांबरावर ब्रेक दाबलात
तर थांबायच्या आधी जरा विचार करतात.
आणि दहा प्लायचे कशाला, ओढता काय तुम्ही?
काही नाही. पूर्वी घोड्यांचा ट्रेलर होता.

पूर्वी.
हा शब्द काउंटरवर रोज येतो,
टोपी काढून उभा राहतो.

मग त्याने फोन काढला, चष्मा शोधला,
एका झाडाचा फोटो दाखवला.
ॲस्पेनची पांढरी साल, तिच्यावर काळी पडलेली अक्षरं,
आजोबाचं नाव, एकोणीसशे सत्तावीस,
खाली बास्कमध्ये काहीतरी, त्यालाही धड न लागणारं.
मेंढ्यांमागे चार महिने एकटा माणूस,
खिशात चाकू, बोलायला कुणी नाही.
झाड वाढलं तशी अक्षरं रुंदावत गेली.

वर जायला शेवटचे सहा मैल माती.
कोरडी असली तर त्याच्या मुलीची छोटी कारही जाते.
भिजली की तीच माती कणकेसारखी
चाकाला चिकटते, खाचा लिंपून टाकते,
मग कुठलाही टायर नुसता गोल.
किती वेळा जाता?
वर्षातून एकदा. गेल्या वर्षी राहिलंच.
ही झाडं शंभरीच्या आसपास पडतात, माहितेय ना, कॉरीन?

बिलासाठी पत्ता लिहून घेताना निघालं
की बायकोला आठवड्यातून तीनदा
डायलिसिसला नेतो, पहाटे साडेपाचला,
दवाखान्याचा तो उतार.
टायरांच्या गोष्टीत हे त्याने धरलंच नव्हतं.

मी बिल फाडलं. दुसरं केलं.
मधले घेतले, खाचा बेताच्या, आवाज कमी,
कडेवर डोंगराची आणि बर्फाच्या फुलाची खूण.
जानेवारीत त्या उतारावर धरतील.
जूनमध्ये त्या मातीवर, कोरडी असली तर, नेतील.
ओली असली तर थांबा, म्हटलं,
तुमचे आजोबा थांबलेच असतील की.
तो हसला नाही, पण कॉफी घेतली,
करपलेली, आणि संपवली.

अक्षरं बाहेर की आत? डेलने लिफ्टजवळून ओरडून विचारलं.
फर्मिन माझ्याकडे बघायला लागला.
बाहेर, मी म्हटलं. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

एप्रिलात आला, टायर पुढचे मागे करून घ्यायला.
मागच्या डाव्या चाकात एक खडा,
राखाडी, चपटा, घट्ट बसलेला.
वर अजून बर्फ, तो रस्ता जूनशिवाय उघडत नाही.
आमच्याच अंगणातली खडी असणार.
स्क्रूड्रायव्हरने काढला,
केरात टाकवेना,
काउंटरवर ठेवला किल्ल्यांशेजारी.

त्याने दोन्ही उचललं
आणि खिशात घातलं,
चिल्लर घालावी तसं.