मालकाची सही

एप्रिल सरता सरता एका रात्री मेथी रडायला लागली.
रडायला, असं मीच ठरवलं.
गालिच्यावर लोळायची,
मग पुढचे पाय टेकून, मागचा भाग उचलून
कणीक तिंबावी तशी जमीन तुडवायची.
पोटात दुखत असेल म्हणून
मी ओवा भाजून फडक्यात बांधला.
शेकायला गेले, तर शेपूट बाजूला घेऊन
आणखीच मोठ्यानं.

हडर्सफिल्डला आमच्या गल्लीत घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत.
पहाटे तीनला डोरीन अ‍ॅक्रॉइडनं पलीकडून भिंत ठोकली.
सकाळी मात्र हसत म्हणाली,
"दुखत नाहीये गं तिला. कॉलिंग करतेय ती."
म्हणजे हाका मारतेय.
कुणाला, ते संध्याकाळी कळलं:
कचऱ्याच्या डब्यावर फाटक्या कानाचा बोका,
खाली आणखी दोन,
मुलगी बघायला आल्यासारखे,
पोहे येईपर्यंत न हलणारे.

आमच्याकडे याला शब्द आहे, माज.
म्हैस माजावर आली की काका दावं सोडून तिला घेऊन जात.
पंधराव्या वर्षी तोच शब्द माझ्याही वाट्याला आला,
गच्चीवर मोठ्यानं हसले म्हणून:
माजलीये कार्टी.
मेथीला तो लावायला जीभ रेटेना.
आठ महिन्यांची पोर.
इथं आठ वाजले तरी खिडकीत ऊन रेंगाळतं,
आणि डोरीन म्हणते, दिवस वाढला की
हा उजेडच चढतो त्यांच्या अंगात.

आठवड्यानं थांबली. सुटले म्हणाले.
पंधरा दिवसांनी पुन्हा.
दार उघडताना पाय आडवा घालायची सवय लागली.
निरंजननं कानात कापूस घातला.
"एकदा होऊ दे की पिल्लं," म्हणाला, "बाईच्या जातीला..."
आणि माझ्याकडे बघून थांबला.

डोरीननं तेव्हा कालव्याकाठचं सांगितलं.
नोव्हेंबर. क्रिस्प्सचा खोका. पाच पिल्लं.
दोन हलत होती.
अकरा वर्षं ती निवाऱ्यात जाऊन
असल्यांना ड्रॉपरनं दूध पाजते.
'गोंडस' म्हणताना मी तिला कधी ऐकलं नाही.
"एकदा म्हणजे चार," ती म्हणाली,
"आणि ती चार पुढच्या वसंतात हाका मारतात."

तारीख मिळाली. आदल्या रात्रीपासून उपास.
व्हेटच्या काउंटरवर अर्ज:
प्राण्याचं नाव. वय. मालकाची सही.
पेन तिथंच अडलं.

आईच्या गावी बायका नवऱ्याला मालक म्हणत.
शाळेच्या पडवीत कॅम्प लागला होता,
चौथ्या मुलीनंतर. चौथी मी.
आईच्या कागदावर मालकाचा अंगठा होता.
येताना स्टीलची बादली मिळाली.
त्या दिवसाविषयी ती एवढंच बोलली आहे:
बादली जड होती.

हे दोन कागद सारखे नाहीत, मला कळतं.
मेथीला मी काय विचारणार होते, आणि कुठल्या भाषेत?
पिंजऱ्याच्या जाळीतून तिनं माझं बोट हुंगलं.
मी सही केली,
मधे नवऱ्याचं नाही, बापाचं नाही,
आईचं नाव घालून.
काउंटरवरच्या मुलीनं काही विचारलं नाही.

संध्याकाळी आली ती झिंगलेली,
डाव्या कुशीवर भादरलेला चौकोन, बिस्किटाएवढा,
त्यात तीन टाके.
चाटू नये म्हणून तिला निरंजनचा मोजा घातला,
चार भोकं पाडून.
फाटक्या कानाचाही नंबर डोरीननं लावलाय,
सार्डिनचा डबा आणि सापळा.
तो काय म्हणून फुकट सुटावा?

नऊ वाजून गेले, तरी उजेड आहे.
मेथी खिडकीत बसून मोजा दातांनी ओढतेय.
डब्यावरचे तिघं अजून बसलेत, सवयीनं.
ती एकदा त्यांच्याकडे बघते,
एकदा माशीकडे.
माशी तिला जास्त आवडलेली दिसते.