गाळलेल्या जागा भरा

स्वानलौग अकरा वर्षांची.
शाळेच्या प्रश्नमंजूषेत तिच्या वाट्याला 'विज्ञान : नवे काही' आलंय,
म्हणून वही घेऊन ती माझ्या शेडमध्ये उभी.
ओले बूट दाराशी, मोज्याला अंगठ्याजवळ भोक.

"हाल्बेरा, एका वाक्यात सांग,
हवेतला कार्बन डायऑक्साइड दगड कसा होतो?"

एका वाक्यात.
सोळा वर्षं मी या पठारावर आहे, पोरी.
सडक्या अंड्यांच्या वासात जेवते,
वाफेच्या नळांची शिट्टी थांबली तर झोपेतून उठते.
एक वाक्य मला अजून जमलेलं नाही.

बरं, लिही.
सोड्याची बाटली माहीत आहे ना?
तसंच. वायू पाण्यात विरघळवायचा
आणि ते आंबूस पाणी सोडायचं खाली,
पाचशे मीटर, सातशे मीटर,
जिथे जुना लाव्हा काळा होऊन वाट बघतोय.
'वाट बघतोय' खोड.
दगड कुणाची वाट बघत नाही.

लाव्हा निवताना त्याच्या पोटात बुडबुडे राहून गेले,
पावात राहतात तसे.
त्या पोकळ्यांत पाणी शिरतं, दगडाला चावतं,
कॅल्शियम सुटतं, वायू त्याला बिलगतो,
आणि दोनएक वर्षांत
(आम्हाला वाटलं होतं, शतकं लागतील)
पोकळी पांढरी होते.

"म्हणजे गाळलेल्या जागा भरा,"
ती म्हणाली. हसलीसुद्धा नाही.

मी पेटी उघडली.
भोकातून वर काढलेला दगडाचा दांडा,
मनगटाएवढा जाड, मासळीसारखा गार.
काळ्यावर पांढरे ठिपके, मधूनच एक रेघ.
काळ्या दगडावरची रेघ,
पण कुणी ओढलेली नाही.
भरत भरत झालेली.

"हा धूर कुणाचा?"
कुणाचा नाही. वाफेबरोबर जमिनीतूनच येतो, बहुतेक.
"पण कुणाचातरी असेलच ना थोडा."

मला बाबांची बोट आठवली.
एकोणतीस वर्षं इंजिनखोलीत, कॉड माशांच्या मागे,
स्वेटरला डिझेलचा असा वास
की ते गेल्यावर आईनं तो धुतलाच नाही.
त्या एका बोटीचा धूर
या पेटीत मावायचा नाही. या शेडमध्येही नाही.
जगाच्या धुराड्यांपुढे आमचं काम
म्हणजे दर्यामे खसखस.
हेही लिही.
गुण मिळणार नाहीत, तरी लिही.

"पण आत वायू आहे, हे कशावरून?"

आम्लाची बाटली, ड्रॉपर.
एक थेंब, नेमका ठिपक्यावर.
फस्स.
कान लावला तरच ऐकू येईल, एवढासा फेस.
तिनं कान लावला होता.

"हा त्याचा आवाज?"
हो.
"म्हणजे तो सुटला?"
जरासा. सिद्ध करायचं तर थोडं सोडावं लागतं.

नीट दिसावं म्हणून मी दुसरा थेंब धरला.
तिनं माझं मनगट पकडलं.
"नको. बसला माझा विश्वास."

बाहेर काझिकची बस, हीटरसाठी इंजिन चालू ठेवून.
तिनं जाऊन त्याची काच वाजवली.
काय बोलली, वाऱ्यात कळलं नाही.
इंजिन बंद झालं.
मग पाच मिनिटांनी पुन्हा सुरू झालं, अर्थात.
शाळा चाळीस किलोमीटरवर आहे, आणि फेब्रुवारी आहे.

मी दांडा पुसला.
थेंब पडला तिथे खळगा,
टाचणीच्या डोक्याएवढा.
पेटीवरच्या चिठ्ठीत तारीख लिहिली,
आणि खाली, उगाच, पेन्सिलीनं :
रिकामी जागा, एक.